पॉलिशचे तीन हात

ती आली त्या दिवशी तिच्यावर जळायचं असं काही मी घरून ठरवून निघाले नव्हते. ते आपोआप झालं, आणि सकाळचा चहा यायच्या आत झालं. साहेब तिला घेऊन आत आले, म्हणाले, ह्या आपल्या नवीन मेटलर्जिस्ट. तिने दोन्ही हात जोडले, गोड हसली आणि म्हणाली, काकू, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. काकू. मी सत्तेचाळीस वर्षांची, महिन्याच्या महिन्याला केसांना मेंदी लावणारी, आणि ही पंचवीसची घोडी मला काकू म्हणते. मी म्हटलं, ताई म्हण. त्या क्षणापासून ती ताई म्हणायला लागली आणि एकदाही चुकली नाही. त्याचाही मला राग आला. एकदा सांगितलेलं हिच्या बरं लक्षात राहतं.

आमची लॅब म्हणजे मरोळच्या औद्योगिक वसाहतीतला पहिल्या मजल्यावरचा एक गाळा. खाली छपाईवाला, शेजारी बटणं बनवणारा. आमच्याकडे धातूचे तुकडे तपासायला येतात. कुणाचा गिअर तुटला, कुणाची स्प्रिंग ढिली पडली, कुणाला घेतलेल्या पोलादाचीच शंका आली, की तुकडा येतो. तो आम्ही कापतो, काळ्या बॅकेलाइटच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, गोळीत बसवतो. कॅरमच्या सोंगटीहून थोडी जाड गोळी असते. मग घासायला घ्यायची. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. दर वेळी गोळी काटकोनात फिरवायची, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते कळतं. शेवटी फिरत्या चकतीवर मखमलीचं कापड, पांढरी पूड आणि पाणी. गोळीत आपलं तोंड दिसायला लागलं की मायक्रोस्कोपखाली ठेवायची आणि बघायचं की धातूच्या पोटात काय चाललंय.

हे सगळं मला मोठ्या साहेबांनी शिकवलं, म्हणजे आताच्या साहेबांच्या वडिलांनी. मी तिथे बाटल्या धुवायला लागले होते. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं, कारण लग्न ठरलं आणि सासर घाटकोपरचं, परीक्षा सावंतवाडीला. मोठे साहेब म्हणायचे, बाई, तुमचा हात हलका आहे. हलका हात ही पॉलिशमध्ये फार मोठी गोष्ट. जोर लावणाऱ्या माणसाला धातू कधी आपलं खरं दाखवत नाही. हळूहळू मी घासायला लागले, मग बघायला लागले, मग भिंतीवरच्या तक्त्याशी चित्र ताडून रिपोर्ट लिहायला लागले. एक दिवस मोठे साहेब म्हणाले, सहीपण तुम्हीच करा, मला हल्ली नीट दिसत नाही. तेव्हापासून बावीसेक वर्षं रिपोर्टच्या खाली उजव्या कोपऱ्यात माझी सही होती. भांडुपपासून वसईपर्यंतच्या कारखान्यांत ती ओळखत होते. माहेरी आईला मी एकदा असा रिपोर्ट दाखवला होता. तिला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण सहीवरून बोट फिरवून म्हणाली, ह्यां तुझांच गो? मी म्हटलं, हो, माझंच.

मग कॅमेरा आला. मायक्रोस्कोपच्या डोक्यावर बसवायचा कॅमेरा, आणि त्याच्यासोबत कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर. पूर्वी मी डोळ्याने बघून सांगायचे की कण केवढे आहेत, भोकं किती आहेत. आता कॅमेरा फोटो काढतो, सॉफ्टवेअर भोकं लाल रंगाने भरतं आणि शंभरात किती ते दशांशापर्यंत सांगतं. मला विचाराल तर माझा अंदाज आणि त्याचा आकडा यांच्यात फारसा फरक पडत नव्हता. पण गिऱ्हाइकाला रंगीत चित्र आवडतं. आणि ते सॉफ्टवेअर चालवायला ती आली.

तिचं काय काय मला सलत होतं हे सांगायला बसले तर लाज वाटते, पण सांगतेच. ती मरोळच्याच जुन्या गावठाणातली, ख्रिश्चन, आमच्यासारखीच घरी मराठी बोलणारी. घरून चालत पाच मिनिटांत यायची. मी घाटकोपरहून मेट्रोने घुसमटून, साडीचोळीची वाट लावून पोचायचे, तेव्हा ती आंघोळ केलेल्या केसांनी टेबलाशी बसलेली असायची. ती इंजिनिअर होती. इंग्रजीत फोनवर बोलताना ती उभी राहायची नाही. मी अजून राहते. तिच्या घरी सण असला की ती डबाभर फुगे आणायची, त्यांच्याकडचे ते तळलेले गोल, मऊ, जरासे गोड. साहेब चार-चार खायचे. मी इतकी वर्षं घावणे आणले, खापरोळ्या आणल्या, साहेबांनी कधी दुसऱ्यांदा मागून घेतलं नव्हतं. मी फुगा खाल्ला. उत्तम होता. मी म्हटलं, तेल जरा जास्त झालंय.

आणि मुख्य म्हणजे ती माझ्याशी वाईट वागत नव्हती. वाईट वागली असती तर मी दोन दिवसांत तिला सरळ केलं असतं. उलट ती माझ्या शेजारी उभी राहून मी पॉलिश कशी करते ते बघायची. विचारायची, ताई, इथे का थांबलात, इथे गोळी का उचललीत. कॉलेजात आम्हाला हे कुणी दाखवलं नाही म्हणायची. मी सांगायचे, पण अर्धवट. भाजी शिकवताना शेजारणीपासून एक मसाला लपवावा तसं. तीही लपवलेलं बरोबर हुडकून काढायची.

घरी नवऱ्याला हे सांगितलं की तो पेपरातून मान वर न काढता म्हणायचा, अगं पण पगार तेवढाच आहे ना? पुरुषांना वाटतं पगार तेवढाच असला की सगळं तेवढंच असतं.

ती येऊन पाच महिने झाले आणि ऑडिट आलं. लॅबला मान्यता टिकवायची तर दर वर्षा-दोन वर्षांनी बाहेरून माणसं येऊन कागद तपासतात. त्या वेळचे ऑडिटर सभ्य होते. त्यांनी सह्या करणाऱ्यांची यादी मागितली, माझ्या नावापुढे शिक्षण बघितलं आणि साहेबांना हळूच म्हणाले की आता तुमच्याकडे पदवीधर आहे, मग ह्यांचं नाव कशाला ठेवता, उगाच प्रश्न येतात. साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. यादीतून माझं नाव काढलं. संध्याकाळी मला म्हणाले, बाई, काम तेच आहे, फक्त सही ती करेल, तुमची तेवढीच कटकट कमी. मी म्हटलं, हो साहेब. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. राग साहेबांचा यायला हवा होता. तो सगळा तिच्यावर गेला. माझी सही तिने पळवली, असंच मला वाटत होतं आणि वाटून घेताना बरंही वाटत होतं.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी पंपाच्या बुशिंगवाल्याचा नमुना आला. हा आमचा जुना गिऱ्हाईक, साकीनाक्याचा. पंपाची झिजलेली बुशिंगं, म्हणजे दांडा फिरतो त्या नळ्या, घेऊन त्यांच्यावर वितळलेल्या ब्राँझची फवारणी करून नवा थर चढवायचा, हा त्याचा धंदा. फवारलेल्या थरात बारीक भोकं राहतातच. किती राहिली हे बघायला तो प्रत्येक लॉटबरोबर एका पट्टीवर तोच थर मारून आमच्याकडे पाठवायचा. भोकं मर्यादेत असली की माल पुढे पंपाच्या कंपनीकडे.

आता इथे पॉलिशची एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ब्राँझ मऊ. घासताना ते पसरतं आणि भोकांवर बसतं. शेणाने सारवलं की जमिनीच्या भेगा दिसेनाशा होतात ना, तसं. वरून बघावं तर चकचकीत, सलग, आणि खाली भोकंच भोकं. मी त्याला सारवणच म्हणते. ते काढायचं तर पॉलिश करायचं, ॲसिडचा अगदी ओझरता स्पर्श द्यायचा, म्हणजे वरचं सारवण खाल्लं जातं, मग पुन्हा पॉलिश, पुन्हा ॲसिड, पुन्हा पॉलिश. रंगाचे हात देतात तसे तीन हात. मोठ्या साहेबांनी घालून दिलेला नियम होता, फवारणीच्या मालाला तीन हात. तीनातला एकही मी बावीस वर्षांत चुकवला नव्हता. साहेबांना हे माहीत होतं. तिलाही, कारण ती बघायची.

त्या दिवशी मी एक हात दिला आणि थांबले.

विसरले नाही. हात दुखत होता असंही नाही. मी गोळी धुतली, ड्रायरने वाळवली, उजेडात धरली. फार सुरेख दिसत होती. मला स्वच्छ माहीत होतं की हे सारवण आहे. माझ्या डोक्यात एक नाटक तयार होतं. ती फोटो काढेल, सॉफ्टवेअर सांगेल की भोकं जवळजवळ नाहीतच, ती रिपोर्ट बनवेल. तेवढ्यात मी जाईन, मायक्रोस्कोपला डोळा लावीन आणि साहेबांच्या देखत म्हणेन की थांबा, भोकांच्या कडा बघा कशा पुसट आहेत, हे सारवण आहे, तुमच्या मशीनला एवढं कळत नाही? गोळी तुमचीच ना, असं कुणी विचारलं असतं तर म्हणणार होते की मुद्दाम परीक्षा घेतली. साहेब ओशाळतील, ती लाल होईल. मनातल्या मनात मी हे तीनचार वेळा करून बघितलं, आणि दर वेळी ती थोडी जास्त लाल झाली.

एक गोष्ट मात्र मी धरलीच नव्हती. माझ्या काळात रिपोर्ट टाइप व्हायचा, साहेबांच्या टेबलावर जायचा, दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा माणूस लिफाफा घेऊन जायचा. मधे वेळ असायचा. मी हात धुऊन, पदराला पुसून तिच्या टेबलाशी गेले तेव्हा ती पाणी पीत होती. मी विचारलं, बुशिंगवाल्याचं झालं का? ती म्हणाली, हो ताई, मेलपण केला, एकदम झकास थर आलाय यावेळी. सही तिने स्कॅन करून ठेवलेली होती, बटण दाबलं की लागायची.

तेव्हासुद्धा मी बोलू शकले असते. फोन करून रिपोर्ट थांबवता येतो, दहा वेळा थांबवलाय. पण तेव्हा बोलायचं तर तिच्या चुकीचं नाटक राहिलं नव्हतं, माझ्याच हातचं पाप सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, बरं. आणि जाऊन पेपर बदलत बसले.

पुढचे दोन-तीन आठवडे मी कसे काढले मलाच माहीत. बाकीचे नमुने नेहमीपेक्षा जास्त जपून केले. बुशिंगवाल्याचा फोन आला की मी मशीन बंद करून कान देऊन ऐकायचे. काही झालं नाही, काही झालं नाही, आणि मला वाटायला लागलं की निभावलं. अगदी मनाच्या तळाला थोडी निराशाही झाली, हेही कबूल करते. इतकं करून तिचं काहीच वाकडं झालं नाही.

मग एका सोमवारी बुशिंगवाला स्वतः आला, हातात दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट. पंपाच्या कंपनीने परस्पर दुसरीकडून तपासणी करून घेतली होती आणि अख्खा लॉट परत पाठवला होता. थर भोकांनी भरलेला. सगळा खरवडून काढून परत फवारणी करायची पाळी. तो साहेबांना काय काय बोलला ते मी लिहीत नाही. तो गेल्यावर साहेबांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं.

ती पांढरीफटक पडली होती. साहेबांनी विचारलं, असं झालंच कसं, तू मायक्रोस्कोपमधून डोळ्याने बघितलं नाहीस? ती माझ्याकडे वळली नाही, साहेबांकडेच बघत म्हणाली,

"पॉलिश ताईंचं होतं सर. म्हणून मी परत बघितलं नाही."

माझ्यावर ढकलायला म्हणाली असती तर मी ते तिच्याच अंगावर उलटवलं असतं, तेवढं तोंड मला आहे. पण तसा सूरच नव्हता. बँकेत ठेवलेलं सुरक्षित असतं असं म्हणावं, तसं ती म्हणाली. साहेबांनीही लगेच मान डोलावली. बाईंच्या पॉलिशमध्ये प्रश्नच नाही, म्हणजे सॉफ्टवेअरला काळं-पांढरं ओळखायची जी मर्यादा लावतो तीच तू चुकीची लावली असणार. ती म्हणाली, हो सर, तसंच असणार, माझीच चूक.

माझी मान खाली होती. साहेबांना वाटलं, मी तिच्यासाठी कष्टी झालेय.

ती बाहेर गेल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. पुढच्या महिन्यात तिला कायम करणार होतो, आता कठीण आहे, म्हणाले. आणि बाई, ऑडिटवाल्यांशी मी बोलतो, अनुभवाच्या जोरावर तुमची सही परत घेता येते का बघतो, तुम्हाला बाजूला करायला नको होतं. हे ऐकायला मी किती आसुसले होते. त्या संध्याकाळी घाटकोपरला उतरून मी सुरमई घेतली, चार तुकडे जास्तच. नवरा म्हणाला, काय आज, सोमवार असून? मी म्हटलं, तुझा सोमवार तू पाळ, मी खाते. एकटीने खाल्ली. चवीला कशी होती ते आठवत नाही, पण खाल्ली सगळी.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासमोर एक फॉर्म ठेवला. चूक झाली की लॅबला कारण लिहून काढावं लागतं, कुठे बिनसलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. तिने ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, वळणदार, एकही खाडाखोड नाही. नमुन्याची तयारी निर्दोष होती, असं पहिलंच वाक्य. तयारी अत्यंत अनुभवी व्यक्तीने केली असल्याने त्याबाबत शंका घेण्याचं कारण नाही. चूक माझ्या सेटिंगची. खाली तिची सही, आणि तिच्या शेजारी नमुना तयार करणाऱ्याच्या सहीची जागा, तिथे पेन्सिलने बारीक फुली मारलेली. ताई, इथे तुमची लागेल, म्हणाली. डोळे सुजलेले होते. तशातही तिने माझ्यासाठी पेन उघडून ठेवलं होतं.

मला त्या क्षणी तिचा जो हेवा वाटला तसा त्याआधी कधी वाटला नव्हता. तिच्या डिग्रीचा नाही, केसांचा नाही. न केलेली चूक हिने एका रात्रीत अंगावर घेतली होती, आणि केलेली चूक मला तीन आठवडे तोंडातून बाहेर काढता येत नव्हती. ही अशी कशी असू शकते, याचा मला संताप आला. मी पेन तसंच ठेवून उठले आणि केबिनमध्ये गेले. ती मागोमाग आली. मी साहेबांना म्हटलं, पॉलिशचा मी एकच हात दिला होता.

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा इतका मवाळ झाला की मला कळेना काय चाललंय. म्हणाले, बाई, तुमचं मन मोठं आहे, पण पोरीची नोकरी वाचवायला तुम्ही स्वतःच्या नावाला बट्टा लावू नका. मी म्हटलं, साहेब, मी खरं सांगतेय, मुद्दाम केलं. ते हसलेच. बावीस वर्षं मी तुम्हाला ओळखतो, म्हणाले. आणि तिने माझा दंड धरला, रडतच म्हणाली,

"ताई, माझ्यासाठी कुणी एवढं केलं नसतं."

मी तिचा हात झटकला. खरंच झटकला, तिला लागलंही असेल. म्हटलं, कपाटातून ती गोळी काढ.

तपासलेल्या गोळ्या आम्ही ठेवून देतो, कुणी शंका घेतली तर. तिने ती काढून आणली. मी मशीन सुरू केलं, मखमल ओली केली आणि दोघांना बाजूला उभं केलं. ॲसिडचा ओझरता स्पर्श, धुणं, पॉलिश. एक. पुन्हा ॲसिड, पुन्हा पॉलिश. दोन. माझे हात नेहमीसारखेच चालले. इतकं चांगलं पॉलिश मी वर्षात केलं नसेल. मी वाईट काम केलं होतं हे पटवायला मला तेवढंच येत होतं.

गोळी मी तिच्या हातात दिली. तिने ती कॅमेऱ्याखाली ठेवली. तिने सेटिंगला हात लावला नाही, जुन्या रिपोर्टचंच ठेवलं, हे मी बघितलं. तिने बटण दाबलं आणि पडद्यावर लाल रंग भरत गेला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गोवर उठल्यासारखा. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं. ते दार आमच्याकडे कधी लागत नाही.

ती पडद्याकडेच बघत होती. तिने विचारलं की तेव्हा तुम्हाला माहीत होतं का. मी म्हटलं, हो. का, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, सगळं, फुग्यांपासून. तिने विचारलं ते वेगळंच होतं.

"आणि माझ्या सहीने गेलेले बाकीचे?"

मी म्हटलं, बाकीचे सगळे चांगले आहेत, तुझ्या गळ्याची शपथ, हा एकच. ती म्हणाली, बरं. मग कपाटाशी गेली आणि ती सही करायला लागल्यापासूनच्या गोळ्यांचा ट्रे बाहेर काढला. वीसेक असतील. टेबलावर मांडल्या, वहीत नंबर घातले, ॲप्रन चढवलं आणि पहिली गोळी घेऊन माझ्या मशीनपाशी उभी राहिली. मी बाजूला झाले. मोठ्या साहेबांनी मला तिथे उभं केल्यापासून माझं काम कुणी पुन्हा करून बघितलं नव्हतं.

मला कामावरून काढलं नाही. तीही राहिली, कायम झाली, सही तिचीच आहे. बुशिंगवाला दुसरीकडे गेला. ही पुढची गोष्ट झाली. त्या दिवसाचं मला आठवतं ते एवढंच की मी दुपारभर शेजारी उभी राहून तिला पाणी देत होते, मखमल बदलून देत होते. ती एकेक गोळी घासायची, तीन हात द्यायची, कॅमेऱ्याखाली धरायची, जुना आकडा नव्या आकड्याशी ताडायची आणि वहीत बरोबरची खूण करायची. एकही गोळी चुकीची निघाली नाही. दर खुणेला मी तिच्या तोंडाकडे बघायचे, की आता तरी म्हणेल, राहू दे ताई. तिने पुढची गोळी उचलली. गोळी काटकोनात फिरवत होती, जोर लावत नव्हती, जिथे थांबायचं तिथे थांबत होती. मी न सांगितलेलंसुद्धा तिला येत होतं. तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता.